चेतापेशींचा चित्रकार

स्पेन देशाच्या उत्तरेस आरागोन नावाचा डोंगराळ प्रांत आहे. त्या प्रांतात आयेर्बे नावाचे एक लहानसे गाव आहे. इ. स. १८६३ च्या सुमारास एके दिवशी या गावात अकस्मात मोठा धडाका झाला. लोक धावत जाऊन पाहतात, तो एका गृहस्थाच्या बागेच्या नव्या दरवाजाला मोठे भगदाड पडलेले! चौकशी करता असे कळले की, गावच्या डॉक्टरांच्या अकरा वर्षांच्या मुलाने लाकडाचा एक ओंडका कोरून, त्यावर तार व दोर घट्ट आवळून, चक्क एक तोफ तयार केली होती आणि दारू व दगडगोटे ठासून ती त्या दरवाजावर डागली होती. तक्रार गावच्या अधिकाऱ्यांकडे गेली आणि त्या मुलाला काही दिवस गावच्या कोठडीत राहावे लागले. वडिलांनी त्याला सोडविण्याची खटपट केली नाही. या शिक्षेने तरी तो सुधारेल, असे त्यांना वाटले.

या खोडकर मुलाचे नाव सांतियागो. त्याच्या वडिलांचे आडनाव रामोन आणि आईच्या माहेरचे आडनाव काहाल. स्पेनमध्ये मुलाच्या नावापुढे दोन्ही आडनावे लावण्याची चाल आहे, म्हणून त्याचे पूर्ण नाव सांतियागो रामोन इ काहाल असे झाले. स्पॅनिश भाषेत ‘इ’ म्हणजे ‘आणि’. तोफ डागून कोठडीत गेलेला हा मुलगा पुढे जगातील थोर शास्त्रज्ञांच्या पंक्तीत जाऊन बसला, आणि मानवाचा मेंदू कशाचा बनलेला आहे, या अत्यंत अवघड प्रश्नाचे उत्तर त्याने शोधून काढले.

सांतियागोचा जन्म १ मे १८५२ रोजी पेतिया या खेड्यात झाला. त्याचे वडील गरीब शेतकरी कुटुंबातील होते. त्या काळी युरोपातील खेड्यापाड्यांत जखमा बांधणे, रक्त काढणे अशी कामे न्हावी करीत. अशाच एका कारागिराच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली, पैपैसा साठविला, शिक्षणासाठी बार्सिलोना शहर पायी गाठले आणि केवळ कष्टाच्या बळावर ते डॉक्टर झाले. अशा माणसाला वेळेचा अपव्यय सहन न व्हावा, हे स्वाभाविकच होते. आपल्या मुलानेही डॉक्टर व्हावे, ही त्यांची एकच इच्छा होती.

मुलाचा ओढा मात्र चित्रकलेकडे होता. दिसेल त्या कागदावर तो घोडे, पक्षी, झाडे आणि लढाया रेखाटीत असे. वडील रंग आणून देत नसत, म्हणून तो भिंतींचा रंग खरवडून घेई, रंगीत कागद पाण्यात भिजवून त्यांचा रंग उतरवी आणि आपले काम भागवी. एकदा गावातील चर्चच्या भिंती रंगविण्यासाठी बाहेरगावचा एक रंगारी आला होता. वडिलांनी मुलाचे एक चित्र त्याला दाखविले आणि मुलाच्या अंगी कला आहे किंवा नाही, हे विचारले. त्या रंगाऱ्याने चित्र वरखाली करून पाहिले आणि त्यात काही अर्थ नसल्याचा निर्वाळा दिला. झाले! सांतियागोचे कागद आणि पेन्सिली बंद झाल्या.

पुढे त्याला हाका या गावी धर्मगुरूंच्या शाळेत ठेवण्यात आले. तेथे पाठांतरावर भर असे आणि पाठ चुकला की छडी मिळे. प्रसंगी उपाशीपोटी अंधाऱ्या खोलीत कोंडून घालण्यात येई. शिक्षा जसजशा वाढत गेल्या, तसतसा मुलगा अधिकच हट्टी होत गेला. वेस्का येथील शाळेतही फारसा फरक पडला नाही. अखेर वडिलांनी त्याला काही काळ एका न्हाव्याकडे आणि नंतर एका चांभाराकडे कामास ठेवले. जोडे शिवण्याच्या कामात मात्र त्याने चांगली गती दाखविली. त्याच्या हातात कसब होते, नजर बारीक होती; परंतु त्या हाताला आणि नजरेला योग्य काम अद्याप मिळाले नव्हते.

ते काम त्याला मिळाले इ. स. १८६८ च्या उन्हाळ्यात, आणि तेही वडिलांच्या हातून. मुलाला शरीररचना शिकवावयाची, तर खरी हाडे हवीत, असा विचार करून एका चांदण्या रात्री वडील त्याला गावच्या स्मशानभूमीत घेऊन गेले. तेथे जुनी हाडे एका बाजूस उघडी पडलेली होती. बापलेकांनी ती गोळा करून घरी आणली. वडील एकेक हाड समोर ठेवीत, त्यावरील प्रत्येक उंचवटा, खाच आणि छिद्र यांचे नाव व प्रयोजन सांगत, आणि मुलगा ते हाड कागदावर उतरवीत असे. शाळेत कंटाळवाणे वाटलेले शिक्षण येथे एकाएकी गोड वाटू लागले. चित्र काढावयाचे म्हणजे वस्तू नीट पाहावी लागते, आणि नीट पाहिले म्हणजे ती समजू लागते, हे सांतियागोला उमगले. वडिलांचेही मत पालटले. पुढे मुलाने वैद्यकाचा अभ्यास सुरू केल्यावर त्याची रंगीत चित्रे एकत्र करून शरीररचनेचा एक चित्रसंग्रह छापावा, असे त्यांनीच मनात योजिले होते.

इ. स. १८७३ मध्ये सारागोसा येथे सांतियागो रामोन इ काहाल वैद्यकाची परीक्षा उत्तीर्ण झाले. लगेच त्यांना सैन्यात जावे लागले. इ. स. १८७४ मध्ये त्यांची रवानगी क्यूबा बेटावर झाली. क्यूबा त्या वेळी स्पेनच्या ताब्यात होते आणि तेथील लोकांनी स्वातंत्र्यासाठी लढा आरंभिला होता. दलदलीच्या प्रदेशातील लष्करी रुग्णालयात काम करता करता काहाल यांना मलेरियाने व आमांशाने गाठले. अंगात ताप असतानाही ते रुग्णांना तपासीत असत. अखेर प्रकृती इतकी ढासळली की, इ. स. १८७५ मध्ये त्यांना मायदेशी परत पाठविण्यात आले. गेले तेव्हा ते धट्टेकट्टे होते. परत आले ते हाडांचा सापळा होऊन.

क्यूबातील पगाराची थोडी शिल्लक त्यांच्यापाशी होती. माद्रिद येथे परीक्षेसाठी गेले असता तेथील प्रयोगशाळेत त्यांनी सूक्ष्मदर्शक यंत्रातून शरीराचे पातळ काप पाहिले होते. ते दृश्य त्यांच्या मनातून जाईना. शिल्लक रकमेतून त्यांनी एक सूक्ष्मदर्शक यंत्र विकत घेतले आणि घराच्या माळ्यावर लहानशी प्रयोगशाळा थाटली. या यंत्रातून ते जे जग पाहू लागले, ते काय होते?

घर जसे विटांचे, तसे सजीवांचे शरीर पेशींचे बनलेले असते. इ. स. १६६५ मध्ये रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाच्या पातळ कापात मधाच्या पोळ्यासारखे कप्पे पाहिले आणि त्यांना पेशी हे नाव मिळाले. इ. स. १८३८ व १८३९ मध्ये श्लायडेन आणि श्वान या जर्मन शास्त्रज्ञांनी असा सिद्धांत मांडला की, सर्व वनस्पती आणि सर्व प्राणी पेशींचेच बनलेले आहेत. पुढे रुडॉल्फ फिरखो यांनी, नवी पेशी ही आधीच्या पेशीपासूनच जन्मास येते, ही गोष्ट ठामपणे प्रतिपादिली.

मानवी शरीरात सुमारे तीस लाख कोटी पेशी असतात, असा आजचा अंदाज आहे. बहुतेक पेशी इतक्या लहान असतात की, डोळ्यांना दिसत नाहीत. रक्तातील तांबड्या पेशी एकीला एक लावून ठेवल्या, तर एका मिलिमीटरच्या अंतरात सुमारे सव्वाशे मावतील. प्रत्येक पेशीभोवती अतिशय पातळ असे पेशीपटल असते. कोणता पदार्थ आत घ्यावयाचा आणि कोणता बाहेर टाकावयाचा, याचे नियंत्रण ते करते. आत पेशीद्रव असतो. त्या द्रवात निरनिराळी कामे करणारी अंगके असतात. त्यांपैकी तंतुकणिका अन्नापासून शक्ती मोकळी करतात. बहुतेक पेशींच्या मध्यभागाजवळ केंद्रक असते. पेशीने काय करावे, याचा सारा आराखडा त्यात साठविलेला असतो. रक्तातील तांबड्या पेशींत मात्र वाढ पुरी होताच केंद्रक उरत नाही. प्राणवायू वाहून नेण्यासाठी त्यांना तेवढी अधिक जागा मिळते.

सर्व पेशी एकसारख्या नसतात. एकाच प्रकारचे काम करणाऱ्या पेशींचा समूह म्हणजे ऊती. आपल्या शरीरात मुख्यतः चार प्रकारच्या ऊती आहेत. त्वचेचा बाहेरचा थर, तोंडाचे व आतड्याचे अस्तर यांसारखी आवरणे ज्या ऊतीची बनतात, ती अभिस्तर ऊती. तिच्या पेशी फरसबंदीप्रमाणे एकमेकींना चिकटून असतात आणि आतील भागांचे रक्षण करतात. शरीराचे निरनिराळे भाग जोडणारी व त्यांना आधार देणारी ती संयोजी ऊती. हाडे, कूर्चा, चरबी आणि रक्तसुद्धा याच प्रकारात मोडतात. आकुंचन पावून हालचाल घडवून आणणारी ती स्नायू ऊती. हातापायांचे स्नायू आपल्या इच्छेने चालतात. हृदयाचे आणि आतड्याचे स्नायू मात्र न सांगता, आपण झोपेत असतानाही काम करीत राहतात. चौथी ती चेता ऊती. मेंदू, पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू आणि सर्व शरीरभर पसरलेले मज्जातंतू तिचेच बनलेले आहेत. संदेश आणणे आणि संदेश पोहोचविणे, हे तिचे काम.

तापलेल्या भांड्याला बोट लागले की, आपण क्षणार्धात हात मागे घेतो. एवढ्याशा कृतीत चारही ऊती राबतात. चटका बसतो तो त्वचेच्या अभिस्तर ऊतीला. त्याची वर्दी मज्जारज्जूपर्यंत नेते आणि तेथून हुकूम आणते ती चेता ऊती. हात ओढून घेतात ते स्नायू. आणि स्नायूंना हाडांशी बांधून ठेवते ती संयोजी ऊती.

पहिल्या तीन ऊतींच्या पेशी सूक्ष्मदर्शक यंत्रात स्पष्ट दिसत. चेता ऊती मात्र शास्त्रज्ञांना दाद देत नव्हती. मेंदूचा काप यंत्राखाली धरला की, असंख्य बारीक तंतूंचा गुंता दिसे. कोणता तंतू कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे कोणालाच सांगता येईना. त्यामुळे अनेक मोठमोठ्या विद्वानांचे असे मत झाले की, मेंदूमध्ये पेशी एकमेकींपासून अलग नसतातच. त्यांचे तंतू परस्परांत मिसळून एक अखंड जाळे बनते. तसे असेल, तर पेशींचा सिद्धांत शरीराच्या सर्व भागांना लागू पडतो, परंतु सर्वांत महत्त्वाच्या भागाला लागू पडत नाही, असे म्हणावे लागले असते. शिवाय एखादा संदेश कोणत्या वाटेने जातो, हे शोधण्याची आशाही सोडावी लागली असती. कारण अखंड जाळ्यात सगळ्याच वाटा एक होतात.

इ. स. १८७३ मध्ये कॅमिलो गॉल्जी या इटालियन डॉक्टरांनी एक अद्भुत युक्ती शोधून काढली होती. रुग्णालयातील जुन्या स्वयंपाकघरात मांडलेल्या प्रयोगशाळेत त्यांनी मेंदूचा तुकडा प्रथम पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरविला आणि मग सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात ठेवला. त्यामुळे शेकडो पेशींपैकी मोजक्याच पेशी आपल्या सर्व शाखांसह काळ्याभोर होत आणि पिवळसर पार्श्वभूमीवर शाईने काढल्याप्रमाणे उठून दिसत. ही रीत लहरी होती. कधी साधे, कधी फसे. म्हणून फारच थोड्या लोकांनी ती हाती धरली. खुद्द गॉल्जी यांचा विश्वास अखंड जाळ्याच्या मतावरच होता.

या काळात काहाल यांचा संसार सुरू झाला होता. इ. स. १८७८ मध्ये क्षयाने त्यांना अंथरुणास खिळविले होते; त्यातून ते उठले आणि पुढच्याच वर्षी सिल्व्हेरिया या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. पुढे ते वलेन्सिया येथे प्राध्यापक झाले. इ. स. १८८५ मध्ये तेथे पटकीची साथ पसरली, तेव्हा सूक्ष्मदर्शकाचे काम बाजूस ठेवून त्यांनी त्या रोगाचा अभ्यास केला. त्यांच्या कामावर संतुष्ट होऊन सारागोसाच्या प्रांतिक सरकारने त्यांना एक उत्तम जर्मन सूक्ष्मदर्शक यंत्र भेट दिले. या देणगीचे त्यांना किती अप्रूप वाटले असेल, याची कल्पना सहज करता येईल.

इ. स. १८८७ मध्ये ते माद्रिदला गेले असता लुईस सिमार्रो या डॉक्टरांनी त्यांना गॉल्जी यांच्या रीतीने रंगविलेला मेंदूचा काप दाखविला. काहाल पाहतच राहिले. त्यांच्यातील चित्रकार आणि त्यांच्यातील शास्त्रज्ञ एकाच वेळी जागे झाले. त्याच वर्षी ते बार्सिलोनाच्या विद्यापीठात रुजू झाले आणि या रीतीच्या मागे लागले. तिचा लहरीपणा घालविण्यासाठी त्यांनी मेंदूचे तुकडे रसायनांत एकदा नव्हे, तर दोनदा मुरविले. त्याहूनही महत्त्वाचा असा आणखी एक विचार त्यांना सुचला. पूर्ण वाढलेले अरण्य इतके घनदाट असते की, एकेका झाडाच्या फांद्या वेगळ्या ओळखता येत नाहीत. मग रोपे लहान असतानाच ती का पाहू नयेत? म्हणून त्यांनी अंड्यातील पिले आणि नुकतेच जन्मलेले लहान प्राणी यांच्या मेंदूचे काप घेतले. अशा कोवळ्या मेंदूत तंतूंवर चरबीचे वेष्टन चढलेले नसते आणि शाखाही आखूड असतात. आता चित्र स्पष्ट दिसू लागले.

काहाल यांनी काय पाहिले? पक्ष्यांच्या लहान मेंदूत काही पेशींचे तंतू दुसऱ्या मोठ्या पेशींना टोपलीसारखे वेढून बसलेले होते. परंतु ते त्या पेशींत शिरत नव्हते. अगदी जवळ येऊन, तेथेच त्यांची मोकळी टोके संपत होती. पुन्हापुन्हा, शेकडो काप पाहूनही त्यांना जाळे सापडले नाही. सापडली ती मोकळी टोके. चेता ऊतीदेखील अलग अलग पेशींचीच बनलेली आहे, हे त्यांच्या मनात पक्के झाले. एका बाजूस झाडाच्या फांद्यांप्रमाणे पसरलेल्या अनेक आखूड शाखा, मध्ये केंद्रक असलेला पेशीचा देह आणि दुसऱ्या बाजूस एक लांब अक्षतंतू, असे चेतापेशीचे रूप असते. गॉल्जी यांना वाटे की, आखूड शाखा केवळ पेशीच्या पोषणासाठी असतात. काहाल यांनी दाखवून दिले की, त्या शाखा संदेश स्वीकारतात. तो संदेश पेशीच्या देहातून अक्षतंतूकडे जातो आणि त्याच्या टोकाशी दुसऱ्या पेशीच्या हवाली होतो. काही अक्षतंतू केसाहून बारीक असूनही जवळजवळ एक मीटर लांब असतात.

शोध तर लागला. पण तो जगाला कसा सांगावा? स्पॅनिश भाषेतील शास्त्रीय लेख युरोपात कोणी वाचीत नसे. स्पेनमध्येही या विषयाची गोडी असलेले लोक थोडेच होते. काहाल यांनी स्वतःच एक त्रैमासिक काढावयाचे ठरविले. मे १८८८ मध्ये त्याचा पहिला अंक निघाला. प्रती अवघ्या साठ! छपाईचा खर्च प्राध्यापकाच्या तुटपुंज्या पगारातून करावयाचा होता आणि घरात लहान मुले होती. सिल्व्हेरियाबाईंनी काटकसरीने संसार चालविला आणि पतीच्या कामात कधी अडथळा येऊ दिला नाही. काहाल यांना बुद्धिबळाचे मोठे वेड होते. त्यात संध्याकाळ जाते, असे पाहून त्यांनी तो डाव निग्रहाने सोडला. त्रैमासिकाच्या बहुतेक प्रती त्यांनी परदेशच्या विद्वानांना पाठविल्या आणि ते उत्तराची वाट पाहू लागले. जवळजवळ कोणीच उत्तर दिले नाही. क्वचित कोणी उल्लेख केलाच, तर तो संशयाने. अनेक थोर शास्त्रज्ञांना जे दिसले नाही, ते एका अपरिचित स्पॅनिश प्राध्यापकाला कसे दिसावे?

काहाल यांनी मग धाडसाचा बेत केला. ऑक्टोबर १८८९ मध्ये बर्लिन येथे जर्मन शरीरशास्त्रज्ञांची परिषद भरली. साठविलेला पैसा खर्चून, आपले सूक्ष्मदर्शक यंत्र आणि उत्तमोत्तम काप बरोबर घेऊन ते एकटेच तेथे गेले. एका टेबलावर त्यांनी आपली मांडणी केली. त्यांना जर्मन भाषा बोलता येत नव्हती. मोडक्यातोडक्या फ्रेंच भाषेत ते येणाऱ्याजाणाऱ्यांना यंत्रातून पाहण्याची विनंती करू लागले. आरंभी काहीजण जरा अविश्वासानेच पुढे आले. परंतु यंत्राला डोळा लावताच त्यांची मुद्रा पालटे. त्या परिषदेत आल्बर्ट फोन क्योलिकर हे बहात्तर वर्षांचे थोर स्विस शास्त्रज्ञ उपस्थित होते. ते स्वतः अखंड जाळ्याचे मत मानणारे होते. त्यांनी काप लक्षपूर्वक पाहिले आणि काहाल यांना आपल्याबरोबर गाडीतून नेऊन इतर विद्वानांशी त्यांची ओळख करून दिली. परत गेल्यावर त्यांनी ते सर्व प्रयोग स्वतः करून पाहिले, आपले पूर्वीचे मत चुकीचे होते हे मान्य केले, आणि काहाल यांचे लेख मुळातून वाचता यावेत म्हणून त्या वयात स्पॅनिश भाषेचा अभ्यास केला. नवे दाखविणारा मोठा असतोच. परंतु आपली चूक मोकळ्या मनाने कबूल करणाराही लहान नसतो.

या परिषदेनंतर काहाल यांचे नाव सर्वत्र झाले. इ. स. १८९१ मध्ये वाल्डेयर या जर्मन शास्त्रज्ञाने चेतापेशीला न्यूरॉन हे नाव दिले. इ. स. १८९२ मध्ये काहाल माद्रिद येथे प्राध्यापक झाले आणि इ. स. १८९९ ते १९०४ या काळात मज्जासंस्थेवरील त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

इ. स. १९०६ मध्ये वैद्यकाचे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून देण्यात आले. एक होते कॅमिलो गॉल्जी आणि दुसरे होते काहाल. एकाची रीत आणि दुसऱ्याची दृष्टी, असा तो सन्मान होता. परंतु दोघांच्या मतांत मात्र जमीनअस्मानाचे अंतर होते. डिसेंबरमध्ये स्टॉकहोम येथे ते प्रथमच एकत्र आले. प्रथम गॉल्जी यांचे व्याख्यान झाले. त्यांनी अलग पेशींच्या मताचे खंडन केले. दुसऱ्या दिवशी काहाल बोलावयास उभे राहिले. ज्यांच्या रीतीवाचून आपल्याला काहीच दिसले नसते, त्या गॉल्जी यांच्या कार्याचा त्यांनी आदराने उल्लेख केला आणि मग एकामागून एक पुरावे मांडून आपले म्हणणे सिद्ध केले. त्यांनी वाद घातला तो मताशी, व्यक्तीशी नव्हे.

या वादाचा अंतिम निकाल मात्र पाहण्यास दोघांपैकी कोणीही हयात नव्हते. इ. स. १९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून मेंदूचे काप पाहण्यात आले. तेव्हा असे दिसले की, एका चेतापेशीचे टोक आणि दुसरी चेतापेशी यांच्यामध्ये खरोखरच फट असते. तिची रुंदी मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाइतकी. बहुतेक ठिकाणी या फटीतून संदेश नेण्याचे काम विशिष्ट रसायने करतात. काही ठिकाणी शेजारच्या पेशी सूक्ष्म नलिकांनी जोडलेल्या आढळतात. तरी तेथेही प्रत्येक पेशीला आपले स्वतंत्र पटल असतेच. मानवी मेंदूत अशा सुमारे शहाऐंशी अब्ज चेतापेशी आहेत, असे आज मानले जाते. मेंदूच्या रोगांचा अभ्यास करणारा प्रत्येक शास्त्रज्ञ काहाल यांनी दाखविलेल्या वाटेनेच पुढे जातो.

काहाल अखेरपर्यंत काम करीत राहिले. तुटलेले मज्जातंतू पुन्हा कसे वाढतात, याचाही त्यांनी कसून अभ्यास केला. मंत्रिपद देऊ करण्यात आले असता ते त्यांनी स्वीकारले नाही. प्रयोगशाळा हीच आपली जागा, असे ते मानीत. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या विद्यार्थ्यांनीही महत्त्वाचे शोध लावले. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिद येथे, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांनी हाताने काढलेली हजारो चित्रे मागे राहिली. यंत्रातून पाहावे, मनात साठवावे आणि शाईने कागदावर उतरवावे, अशी त्यांची पद्धत होती. त्या चित्रांतील एकेक शाखा इतकी अचूक आहे की, आजही ती अभ्यासाच्या पुस्तकांत छापली जातात. इ. स. २०१७ मध्ये युनेस्कोने त्यांच्या या संग्रहाचा जागतिक वारशाच्या स्मृतिग्रंथात समावेश केला. आयेर्बे गावातील त्या रंगाऱ्याने ज्या मुलाच्या चित्रात काही अर्थ नाही असे सांगितले होते, त्याच मुलाची चित्रे आज जगाने ठेव म्हणून जपून ठेवली आहेत. वडिलांना मुलगा डॉक्टर व्हावयास हवा होता आणि मुलाला चित्रकार व्हावयाचे होते. एका चांदण्या रात्री गोळा केलेल्या हाडांनी दोघांच्याही इच्छा एकत्र बांधल्या, आणि त्यातूनच मानवाला आपल्या मेंदूची पहिली खरी ओळख झाली.